वाचकांचे प्रश्न : बेटांवरचे फादर आणि बदलत्या घरांचा हिशेब

मागील अंकात पॅसिफिक महासागरातील मायक्रोनेशियात जवळपास सारे आयुष्य घालवलेले जेझुइट (म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे) शिक्षक आणि इतिहासकार फादर फ्रान्सिस हेझेल यांचा परिचय छापला होता. जागेअभावी तो आटोपता घ्यावा लागला. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

मायक्रोनेशिया नेमके कुठे आणि तिथे अमेरिकन फादर कसे पोहोचले?
— एक वाचक, सांगली

फिलिपिन्सच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेला. हेझेल यांचे बहुतेक काम आज 'मायक्रोनेशियाची संघराज्ये' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात झाले. याप, चुऊक, पोन्पे आणि कोस्राय अशी त्याची चार राज्ये. बेटे ६०७, पण सगळी मिळून जमीन ७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडी जास्त. ती सुमारे २,७०० किलोमीटर लांबीच्या समुद्रात विखुरलेली आहे. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १,०२,८४३.

एवढ्याशा जमिनीने शंभर वर्षांत चार मालक पाहिले. १८८६ पासून स्पेनने तिथे प्रत्यक्ष राज्य सुरू केले. १८९९ मध्ये त्याने ही बेटे जर्मनीला विकली. १९१४ मध्ये जपानने ती घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली ती अमेरिकेकडे आली. धर्मगुरूही सत्तेबरोबर बदलत गेले. आधी स्पॅनिश कापुचिन (हाही एक कॅथलिक संघ), मग जर्मन कापुचिन, १९२१ पासून स्पॅनिश जेझुइट, आणि युद्धानंतर न्यूयॉर्क प्रांताचे जेझुइट.

हेझेल यांचा जन्म १९३९ चा, अमेरिकेतल्या बफलो शहरातला. येशूसंघात तत्त्वज्ञान संपल्यावर आणि धर्मशास्त्र सुरू होण्याआधी उमेदवाराला काही वर्षे शाळेत शिकवायला पाठवतात. त्या रिवाजाप्रमाणे ते १९६३ मध्ये चुऊकला आले. तेव्हा त्या बेटांना ट्रुक म्हणत. पुढे धर्मशास्त्रासाठी ते अमेरिकेत परतले, १९६९ मध्ये त्यांची गुरुदीक्षा झाली, आणि ते पुन्हा त्याच शाळेत रुजू झाले.

शाळा चालवणारा माणूस समाजाच्या अभ्यासात कसा शिरला? संशोधन हे त्यांचे नेमून दिलेले काम होते का?
— एक शिक्षिका, वसई

सुरुवातीला नव्हते. चुऊकमधल्या वेनो बेटावरची झेविअर हायस्कूल ही १९५२ मध्ये सुरू झालेली निवासी शाळा. जपानी आरमाराने बांधलेल्या बिनतारी संदेश केंद्राच्या जाड काँक्रीटच्या इमारतीत ती भरते. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकन विमानांनी चुऊकच्या खाजणात चाळीसहून अधिक जपानी जहाजे बुडवली, त्या धुमश्चक्रीतूनही ही इमारत उभी राहिली. मुले सगळ्या द्वीपसमूहांतून येत. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे, म्हणून माध्यम इंग्रजी. पुढे देशाचे अध्यक्ष झालेले इमॅन्युएल मोरी याच शाळेचे विद्यार्थी.

हेझेल आले ते वर्ष महत्त्वाचे आहे. १९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या बेटांवरच्या वार्षिक खर्चाची मर्यादा ७५ लाख डॉलरवरून एकदम १ कोटी ७५ लाख डॉलरवर नेली. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींनी अर्थतज्ज्ञ अँथनी सॉलोमन यांचे पथक पाठवले. त्याच्या अहवालाचा रोख सरळ होता : शाळा, दवाखाने आणि पगारी नोकऱ्यांवर पैसा ओता, म्हणजे बेटांच्या भवितव्यावरच्या सार्वमताच्या वेळी लोक अमेरिकेकडे झुकतील. १९६६ पासून पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या संस्थेचे स्वयंसेवक आले. गावोगाव शाळा, हायस्कुले, शिक्षक. १९७२ नंतर अमेरिकेतील गरजू विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय अनुदाने इथल्या मुलांनाही लागू झाली आणि कॉलेजला जाणाऱ्यांचा लोंढाच सुरू झाला.

हेझेल यांचा पहिला प्रश्न मुख्याध्यापकाचाच होता : ही मुले पास होऊन जातात कुठे? बेटांवर कारखाने नव्हते. निर्यात म्हणजे सुके खोबरे. नोकऱ्या बहुतेक सरकारी, आणि त्यांचा पगार अमेरिकेच्या अनुदानातून. म्हणजे शाळेतून बाहेर पडलेला मुलगा नोकरीला लागे तो शिक्षक किंवा कारकून म्हणून, आणि त्याचे काम काय, तर आणखी मुलांना याच वाटेवर आणणे. शाळा हाच एक उद्योग होऊन बसला आहे, असे ते सत्तरच्या दशकात लिहू लागले. त्यासाठी त्यांनी फारसे सिद्धांत मांडले नाहीत. उत्तीर्णांच्या याद्या घेतल्या आणि कोण कुठे आहे ते एकेक नाव धरून तपासले.

१९७२ मध्ये कॅथलिक चर्चने 'मायक्रोनेशियन सेमिनार' ही संस्था काढली. नाव सेमिनार असले तरी तिथे वर्ग भरत नसत. ते संशोधन आणि लोकशिक्षणाचे केंद्र होते. हेझेल यांनी ते २०१० पर्यंत चालवले. १९९२ मध्ये ते चुऊकहून पोन्पेला हलले. ग्रंथालय, जुन्या छायाचित्रांचा संग्रह, छोट्या पुस्तिका, स्थानिक दूरदर्शनसाठी माहितीपट आणि गावकऱ्यांबरोबर चर्चेच्या बैठका, असा तिथला पसारा. ग्रंथालय ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट, असे आमचे मत. संशोधक येतात, माहिती नेतात, प्रबंध लिहितात, आणि तो प्रबंध बेटावर कधीच पोहोचत नाही, ही जुनी तक्रार होती. तिच्यावर तिथे निदान काही उपाय झाला.

"पैसा आला आणि कुटुंब मोडले" असे परिचयात म्हटले होते. हे आपल्याकडेही सगळेच म्हणतात. तिथे नेमके काय घडले?
— एक वाचक, चिपळूण; याच अर्थाची आणखी दोन पत्रे

वाक्य मोघम होते, ही तक्रार रास्त आहे. चुऊकच्या स्वयंपाकापासून सुरुवात केली तर उलगडा लवकर होईल.

तिथले मुख्य अन्न ब्रेडफ्रूट, म्हणजे कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात ते फळ. त्याचा मोठा हंगाम वर्षातून काही महिनेच असतो, आणि तेव्हा ते झाडावर मावत नाही इतके येते. फळे वाफवायची, साल आणि गाभा काढायचा, लाकडी पाटावर ठेवून प्रवाळी दगडाच्या बत्त्याने चेचायची, आणि चिकट लगदा झाला की पानांत बांधायचा. हे काम पुरुषांचे, आणि एका वेळी बऱ्याच जणांचे. हंगामाबाहेरच्या महिन्यांसाठी खड्डा खणून, त्याला पाने अंथरून, त्यात कच्ची फळे आंबवत ठेवायची आणि वर दगड रचायचे. नवराबायको आणि चार मुलांच्या घराला हे झेपत नाही. झाडे कोणाची, खड्डा कोणाचा, आज कोण चेचणार आणि वाटा कोणाला किती जाणार, हे ठरवायला एक मोठा गट आणि त्याचा एक प्रमुख लागतो.

हा गट म्हणजे आईकडून चालणारे कूळ. जमीन कुळाची. लग्नानंतर नवरा बायकोच्या कुळात राहायला जाई. मुलांवर अधिकार मुख्यतः आईच्या कुळातल्या वडीलधाऱ्यांचा, विशेषतः मामाचा. बाप त्या घरात पाहुण्यासारखा, म्हणून मुलांशी त्याचे नाते सैल आणि प्रेमाचे. मामा रागावला की बाप सांभाळून घेई. बाप रागावला तर मामा, मावशी, आजी मध्ये पडत.

आता यात पगार आणा. सरकारी कारकुनाला पंधरवड्याला रोख मिळते. तो दुकानातून तांदूळ आणि डबाबंद मासे घेतो. तांदूळ शिजवायला बायको आणि एक पातेले पुरते. कुळाच्या प्रमुखाकडून त्याला काहीच नको असते, मग प्रमुखाचे ऐकायचे का? हळूहळू घर वेगळे, चूल वेगळी. ज्याच्या हाती पैसा तो घराचा मालक, आणि तो असतो बाप. मामाचा अधिकार बापाकडे आला. पण मध्ये पडणारी माणसे आता घरात उरली नाहीत.

हेझेल यांच्या मांडणीचा गाभा हा आहे. पाश्चात्त्य सिनेमा, फॅशन किंवा "संस्कार कमी झाले" याला त्यात फारशी जागा नाही. अन्न कसे मिळते हे बदलले, म्हणून कोण कोणाचे ऐकतो हे बदलले, आणि भांडण मिटवण्याची यंत्रणा बंद पडली, असा त्यांचा क्रम आहे. आमच्या मते हीच त्यांच्या लेखनाची ताकद आहे. कारण ही साखळी कडी-कडी करून तपासता येते. संस्कारांचे तसे नाही.

तरुणांच्या आत्महत्यांवर त्यांनी काम केले असे वाचले. ते कसे केले? त्यांचे स्पष्टीकरण सर्वांना मान्य झाले का?
— समाजकार्याचा विद्यार्थी, नागपूर

साठच्या दशकाच्या अखेरीपासून या बेटांवर तरुण मुलग्यांच्या आत्महत्या झपाट्याने वाढल्या. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिनस्टीन आणि हेझेल यांनी यावर दीर्घकाळ काम केले. १५ ते २४ वयाच्या पुरुषांत काही भागांत वर्षाला लाखामागे २०० हून अधिक इतके प्रमाण आढळले. जगातल्या त्या काळच्या सर्वाधिक प्रमाणांपैकी हे एक.

सरकारी मृत्युदाखले अपुरे होते. दूरच्या बेटांवरून ते येतच नसत, आले तरी कारण कोरे असे. म्हणून दवाखाना, पोलीस, धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) नोंदवह्या आणि गावोगावचे जाणकार असे सगळे स्रोत एकत्र करून, १९६० पासूनची एकेक घटना लिहून काढली गेली : वय, घरात कोण कोण, त्या दिवशी काय झाले, कोणाशी झाले, मद्य होते का.

चुऊकच्या घटनांचे हेझेल यांनी तीन प्रकार केले. सर्वांत मोठा राग किंवा दुखावलेपणाचा, दुसरा शरमेचा, तिसरा गंभीर मानसिक आजाराचा. पहिल्या प्रकारात निमित्त अगदी किरकोळ दिसे : बापाने थोडे पैसे नाकारले, जेवायच्या वेळी बोल लावला. बाहेरच्याला वाटे, एवढ्याशा कारणाने? पण ते निमित्त दीर्घ ताणाच्या शेवटी आलेले असे. चुऊकमध्ये वडीलधाऱ्यांवर उघड रागावणे निषिद्ध. दुखावलेल्या माणसाने गप्प होणे, अन्न नाकारणे, घरातून निघून जाणे ही मान्य रीत. तिला तिथे 'आमुनुमुन' म्हणतात. हेतू असतो तो नाते तोडण्याचा नव्हे, तर समोरच्याला आपले दुःख दाखवून त्याने जवळ यावे याचा. पूर्वी असा मुलगा मामाकडे किंवा मावशीकडे जाई आणि ते त्याला परत आणत. वर सांगितलेल्या बदलानंतर ही वाट अरुंद झाली.

रुबिनस्टीन यांचा भर वेगळ्या ठिकाणी होता. पूर्वी वयात आलेले मुलगे आईबापांच्या घरात झोपत नसत. ते कुळाच्या किंवा गावाच्या सामाईक पुरुषघरात राहात आणि तिथेच मोठे होत. ही घरे बंद पडल्यावर पौगंडावस्थेचा सारा भार आईबापांवर पडला. त्यांनी एक महत्त्वाची गोष्टही नोंदवली. जी बेटे अगदी पारंपरिक राहिली तिथे प्रमाण कमी, जी पुरती शहरी झाली तिथेही कमी, आणि सर्वाधिक प्रमाण मधल्या, शहरालगतच्या वस्त्यांत. म्हणजे "आधुनिकता जितकी जास्त तितका त्रास" हे सोपे गणित चुकते.

दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांना खोडत नाहीत. आमच्या वाचनात रुबिनस्टीन यांचे स्पष्टीकरण "मुलगेच का?" याला अधिक थेट उत्तर देते, तर हेझेल यांचे "त्या दिवशी घरात काय झाले?" याला.

या विषयाने कोणाला स्वतःचा किंवा घरातल्या कोणाचा त्रास आठवला असेल तर भारतात टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

दारूबंदीची चळवळ तिथल्या बायकांनी केली हे खरे का?
— वाचक, गडचिरोली

खरे आहे. विश्वस्त राजवटीत मूळ रहिवाशांना दारू पिण्यास असलेली बंदी १९५९ च्या सुमारास उठली. पुढे पगाराच्या दिवसानंतर तरुणांच्या मारामाऱ्या हा वेनोवर नित्याचा प्रकार झाला. चर्चमधल्या महिला गटांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, आणि जानेवारी १९७८ मध्ये वेनोवर मतदान होऊन दारूबंदी आली. चोरटी विक्री थांबली नाही, ते गडचिरोलीच्या वाचकाला समजावून सांगायला नको. तरीही, भावासमोर मान खाली घालून चालण्याची रीत असलेल्या समाजात बायकांनी पुरुषांच्या पिण्यावर जाहीर सभेत बोलणे ही मोठी गोष्ट होती.

मिशनरी माणसाने लिहिलेला इतिहास कितपत विश्वासाने वाचावा?
— निवृत्त इतिहास शिक्षक, कोल्हापूर

सावधपणे वाचावा. पण सावध म्हणजे कुठे, हे नेमके पाहायला हवे.

१८८५ पूर्वीचा बेटांचा इतिहास लिहिताना हेझेल यांनी आधी एक कंटाळवाणे काम केले. १५२१ ते १८८५ या काळात कोणते परदेशी जहाज कोणत्या बेटाला कधी लागले, त्याची जंत्री करून १९७९ मध्ये छापली. अमेरिकन देवमासेमाऱ्यांच्या रोजनिश्या तेव्हा मायक्रोफिल्मवर आल्या होत्या. रोजनिशीत वारा, लाकूड-पाणी, तेलाची पिंपे आणि पळून गेलेले खलाशी सापडतात, बेटावरच्या माणसांबद्दल दोन ओळी. पण तारीख पक्की असते. अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या पत्रांत माणसे भरपूर, पण ती पत्रे बोस्टनच्या देणगीदारांसाठी लिहिलेली. त्यामुळे "आधी"चे चित्र काळे आणि "नंतर"चे गोरे. मौखिक परंपरेत कारणे मिळतात, तारखा नाहीत. तिन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले तरच काही हाती लागते.

याचे फळ लोकसंख्येच्या हिशेबात दिसते. पोन्पेला १८५४ मध्ये 'डेल्टा' या देवमासेमारी जहाजावरून देवीची साथ आली आणि सुमारे दहा हजारांची वस्ती निम्म्याच्या आसपास आली. कोस्राय तर सुमारे तीन हजारांवरून १८८० च्या सुमारास तीनेकशेवर. पुढच्या राजवटी आल्या त्या आधीच खिळखिळ्या झालेल्या समाजावर.

कागद बोलतात ते राज्यकर्त्यांच्या बाजूने, हा दुसरा धोका. १९१२ मध्ये जर्मनांनी पोन्पेत जमिनीचे लेखी पट्टे दिले. पट्ट्यावर जमीन एका पुरुषाची आणि त्याच्यामागे थोरल्या मुलाची. सरदाराला वर्षातून एकच मानाची मेजवानी, आणि सरकारला वर्षाला पंधरा दिवस वेठ. नुसते पट्टे वाचले तर आईकडून जाणारा वारसा एका दिवसात संपला असे वाटेल. प्रत्यक्षात लोक पट्ट्यावर एक आणि वहिवाटीत दुसरे असे बराच काळ चालवत राहिले. ज्याने सातबारा आणि वहिवाट यांचे भांडण पाहिले आहे त्याला हे चटकन कळेल.

हेझेल यांची मर्यादा आम्हाला दिसते ती अशी : त्यांचा इतिहास चालतो तो परदेशी कागदांच्या कालक्रमाने, राजवटीमागून राजवट. पोन्पेचे इतिहासकार डेव्हिड हॅनलन यांनी बेटवासीयांच्या स्वतःच्या कथनाला मध्यभागी ठेवले. दोघांना शेजारी ठेवून वाचावे.

अमेरिकन मिशनचे काही महाराष्ट्राशी नाते आहे का?
— वाचक, अहिल्यानगर

हेझेल कॅथलिक, त्यांच्याशी थेट नाही. पण त्यांच्या ग्रंथांत भेटणारे प्रोटेस्टंट मिशनरी बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड'चे होते. याच संस्थेने १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना मुंबईत उतरवले, १८३१ मध्ये तुमच्या शहरात केंद्र काढले आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. मुंबईनंतर चार दशकांनी, १८५२ मध्ये, तिची माणसे पोन्पे आणि कोस्रायला पोहोचली. देवीच्या साथीत पोन्पेवर लोकांना टोचणी करणारे डॉ. ल्यूथर गुलिक त्यांच्यापैकीच. बेटांवर ये-जा करायला लागणारे 'मॉर्निंग स्टार' हे जहाज अमेरिकेतल्या मुलांनी दहा-दहा सेंटचे भाग घेऊन उभारलेल्या पैशातून १८५६ मध्ये बांधले गेले.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. गाव खाडीतल्या बेटावर, सुमारे दीडशे घरे. गेल्या पन्नास वर्षांतला बदल याच पद्धतीने नोंदवायचा असेल तर कुठून सुरुवात करू?
— शिक्षक, सिंधुदुर्ग

या सदरात आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. जागा त्याला जास्त देतो.

आधी विषय लहान करा. "गावातला बदल" हा विषय होत नाही. "चुली कधी आणि का वेगळ्या झाल्या" हा होतो. हेझेल यांच्यासारखा तुमच्याही हाताशी एक आयता दस्तऐवज आहे : शाळेचा जनरल रजिस्टर. १९७५ ची एक तुकडी घ्या, १९९५ ची एक, २०१५ ची एक. प्रत्येक नावापुढे आज कुठे, काय काम, लग्न कुठे, जमिनीत वाटा आहे का, हे लिहा. तीन तुकड्यांत साठ-सत्तर नावे होतील. एका सुट्टीत जमणारे काम आहे. गावातल्या दोन वेगवेगळ्या घरांतून खातरजमा झाल्याशिवाय नाव पक्के धरू नका. जन्मतारखांवर मात्र विसंबू नका. जुन्या रजिस्टरात निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला सापडेल, कारण गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने ती तारीख घातलेली असते.

मग घरपत्रक. एका घराला एक पान. या चुलीवर कोण कोण जेवते, रोख उत्पन्न कोणाचे, जमीन कोणाच्या नावावर आणि कसतो कोण, बाहेरगावी कोण आणि कधीपासून, मुलाचे चुकले तर बोलते कोण आणि समजूत काढते कोण. शेवटचे दोन प्रश्न वगळू नका, सगळी गोम तिथे असते. रेशनकार्डावरून घरे मोजू नका. धान्यासाठी कार्डे वेगळी आणि चूल एक, असे सर्रास असते. उलट सातबारा एकत्र आणि तीन भावांच्या तीन चुली, हेही तितकेच. फेरफाराची नोंद म्हणजे वाटणीची तारीख नव्हे. वाटणी आधी होते, कर्ज काढायची वेळ आली की फेरफार होतो.

"किती वर्षांपूर्वी" असे विचारले की वयस्कर माणूस पाचाच्या पटीत उत्तर देतो. त्याऐवजी खुंट्या ठोका : कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर (११ डिसेंबर १९६७), बहात्तरच्या दुष्काळाच्या वेळी धाकटा झाला होता का, कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा (१९९८) मुंबईला कोण होते. त्यात गावच्या खुंट्या घाला. पहिली वीज, नळ, साकव, पहिला टीव्ही. या तारखा ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळतील.

टक्केवारी काढताना थांबा. दीडशे घरांत माणसे धरा सातशे. त्यात १५ ते २४ वयाचे मुलगे साठेक. त्यातला एक अपघातात गेला तर त्या वर्षीचे प्रमाण लाखामागे १,६०० च्या वर जाते आणि पुढच्या वर्षी शून्यावर येते. दोन्ही आकडे निरर्थक. ऐंशीच्या दशकात चुऊकची वस्ती चाळीस-पंचेचाळीस हजार होती, तरी तिथेही अनेक वर्षांची बेरीज करूनच दर काढावा लागे. तुम्ही दहा-दहा वर्षांचे गट करा, आणि दर नको, नुसती संख्या लिहा.

मृत्यू, भांडणे, दारू यांच्या नोंदी वेगळ्या वहीत, नावाऐवजी क्रमांक घालून. क्रमांक कोणाचा हे सांगणारा कागद तिसऱ्याच ठिकाणी. ही वही शाळेच्या कपाटात ठेवू नका. छोट्या गावात "एक शिक्षक, वय ४२, दोन मुली" एवढ्यावर माणूस ओळखू येतो, म्हणून लिहितानाही तपशील कमी करा. विद्यार्थ्यांना घरोघर पाठवायचे असेल तर चूल, अन्न, शेती, खेळ, सण इतकेच विषय द्या.

शेवटी गावात बैठक घेऊन निष्कर्ष वाचून दाखवा. मायक्रोनेशियन सेमिनारच्या चर्चा याच धर्तीवर चालत. एक छोटा कागद, त्यावर तासभर बोलणे. लोक चुका दाखवतील, आणि त्या चुकांतूनच तुम्हाला न सापडलेली कारणे बाहेर येतील. पहिली बैठक गणपतीत ठेवा, मुंबईकर गावात असतात.

आज त्या बेटांची स्थिती काय? आणि हेझेल यांचे कोणते पुस्तक आधी वाचावे?
— वाचक, पुणे

१९८६ मध्ये अमेरिकेशी 'मुक्त सहयोगाचा करार' लागू झाला. त्यामुळे या देशाचे नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेत जाऊन राहू आणि काम करू शकतात. आधी ग्वाम, मग हवाई, मग अमेरिकेची मुख्य भूमी. २०१२ च्या पाहणीत, तिकडे जन्मलेली मुले धरून, बाहेर राहणारे सुमारे पन्नास हजार भरले. म्हणजे दर तिघांपैकी एक जण देशाबाहेर. या स्थलांतरावरही हेझेल यांनी विस्ताराने लिहिले आहे. सुके खोबरे निर्यात करणारी बेटे आता माणसे निर्यात करतात आणि घरी पैसे येतात. अंत्यविधीसाठी मात्र शक्यतो बेटावरच आणतात. ग्वाम ते होनोलुलू थांबत थांबत जाणाऱ्या विमानाने शवपेटी येते, आणि तिच्या खर्चासाठी जे कूळ एरवी एकत्र जेवतही नाही ते एकत्र वर्गणी काढते.

पुस्तकांत कौटुंबिक बदल हा विषय असेल तर 'द न्यू शेप ऑफ ओल्ड आयलंड कल्चर्स' (२००१) आधी घ्या. कुटुंब, जमीन, लग्न, मृत्यू, स्थलांतर अशी स्वतंत्र प्रकरणे असल्याने ते कुठूनही उघडता येते. वसाहतींचा इतिहास हवा असेल तर 'स्ट्रेंजर्स इन देअर ओन लँड' (१९९५). १८८५ पूर्वीच्या काळावरचे १९८३ चे पुस्तक जहाजांच्या नावांनी गच्च आहे. ते नकाशा शेजारी ठेवूनच वाचावे लागते.